सातवा सापळा

मी, हॉबर्ट एलायजा मलिन्स, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार स्पाइसलिक खोरं, वेस्ट व्हर्जिनिया, पूर्ण शुद्धीत आहे. चष्मा लावला आहे आणि सकाळपासून फक्त कॉफी घेतली आहे. कुणी हात धरून हे लिहवून घेतलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं आहे.

१. शिवणयंत्र माझी बायको लुरीन हिला, तिच्या बहिणीकडे पोचवावं. "माणसांसाठी सापळे लावतोस, त्या घरात मी राहायची नाही," म्हणून ती गेली. बरोबर बोलली होती. मी मात्र म्हणालो, "जा, दार लावून जा."

२. बंदूक आणि घर पोस्टमास्तरीण आयडाबेल कॉक्स हिच्या मुलीला, डॉलीला. माझा कुत्रा तसाही तिचंच ऐकतो.

३. आता रान. माझ्या रानात जंगली जिनसेंग आहे, महागड्या औषधी मुळीचं रोप, आम्ही त्याला नुसतं 'सँग' म्हणतो. दर सप्टेंबरात चोर कुंपण ओलांडून यायचे आणि दोन फाट्यांची कोवळी रोपंसुद्धा, लाल फळांसकट, उपटून न्यायचे. फळ तरी मातीत दाबून जावं, ही इथली रीत. हे मेले तेवढंही करत नव्हते. २००५ साली माझं डोकं फिरलं. सात लोखंडी सापळे मी पाल्याखाली पुरले, प्रत्येक सँगच्या एका मोठ्या रोपाशी, खूण म्हणून. मग आणखी शहाणपणा सुचला. चोरांना सँग दिसू नये म्हणून सगळ्या रोपांचे शेंडे खुडून टाकले. चोरांना रोपं दिसेनात आणि मला माझे सापळे!

४. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ डेंझिल लंगडताना दिसला. त्याचं रान माझ्या कुंपणाला लागून आहे. एका सापळ्यात बुटाची टाच सापडली. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी सगळ्यांदेखत ओरडलो, "चोर पायावरून ओळखा!" तो म्हणाला, "तुला वाटेल ते बोल, हॉबर्ट." त्यानंतर आमचं बोलणं नाही.

काठीने चाचपत सहा सापळे काढले. सातवा मिळाला नाही. तेव्हापासून मी रानात पाऊल टाकलेलं नाही. लोक म्हणतात, म्हातारा खुर्ची टाकून राखण करतो. राखण कसली? कोंडलोय मी. अकरा वर्षं माझंच रान मला बंद आहे.

सँगचं बी दुसऱ्या वसंतात उगवतं. २००७ च्या एप्रिलात कुंपणावरून वाकून पाहिलं, तर डेंझिलच्या बाजूने टाच सापडलेल्या सापळ्याच्या जागेपर्यंत रोपांची सरळ ओळ आली होती. कुणीतरी एकेक फळ अंगठ्याने दाबत आलं होतं. सापळ्यांच्याच वर्षी, २००५ साली, लाकूडवाल्यांनी डेंझिलची झाडं तोडली होती, आणि सावली गेली की सँग मरतं. तो आपली फळं माझ्या सावलीत लावत होता. मला फार लाज वाटली. त्याचं घर रस्त्याने पाऊण मैल आहे. तेवढंही चाललो नाही.

५. म्हणून रान आणि माझी कुदळी डेंझिलला. अट एकच: सातवा सापळा सापडेपर्यंत कुणी आत जाऊ नये. त्याचा दुसरा पाय माझ्यामुळे जायला नको.

हे वाचून साक्षीदार आयडाबेल म्हणाली, "काका, कुठला सातवा? तो तर डेंझिलकाकांच्या कोठाराच्या दाराला टांगलाय. जखम भरल्यावर लंगडत जाऊन त्यांनीच उकरून आणला. म्हणाले, हॉबर्टचा पाय पडायचा त्यात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

कलम पाचमधली अट मी स्वतःच्या हाताने खोडली आहे. सही करायच्या आधी सापळा डोळ्यांनी पाहिला, गंजलाय. रान डेंझिलला मिळतंय, म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही. तो नुसता शेजारी बसलाय आणि विचारतोय, "शेंडे खुडायची अक्कल कुणी दिली रे तुला?"

सही: हॉबर्ट ई. मलिन्स
साक्षीदार: आयडाबेल कॉक्स; रेव्हरंड थर्मन बेग्ली
तारीख: १४ ऑक्टोबर २०१६
स्थळ: <s>माझं घर</s> डेंझिलचं अंगण. रानातून चालत आलो.