बिनबटणाचे पंखे

३ एप्रिल, सकाळी
उठल्या उठल्या सगळ्यांची विचारपूस केली. हॉल कसा आहे? ठणठणीत. स्वयंपाकघर? मजेत. लेकीची जुनी खोली? बरी, जरा सुस्त. आमची खोली? ऑफलाइन.

तीन पंख्यांपुढे हिरवा ठिपका, चौथ्यापुढे करडा. नवीन आहे बिचारा. रुळेल.

ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, पंखे आल्यापासून रोज त्यांची तब्येत विचारताय, माझ्या गुडघ्याची कधी विचारणार? लगेच विचारली. तोही ऑफलाइनच आहे म्हणाली. विनोद करतेय म्हणजे प्रकृती उत्तम.

वास्तविक हे चार स्मार्ट पंखे आणले ते हिच्यासाठीच. महिनाअखेरीस गुडघ्याचं ऑपरेशन, मग दीड महिना पलंगावर. पंखा कमीजास्त करायला उठायला नको. मोबाईलला नुसतं सांगायचं. जावई म्हणाला होता, बाबा, साधा रिमोटवाला घ्या. पण मी साध्यावर कधी थांबलोय? कॉलेजची पायरी चढलो नाही, तरी मिक्सर, इस्त्री, स्कूटर, सगळं या हातांनी उघडलं. बंद करताना दोनचार स्क्रू उरतात. कंपन्या जास्तीचे घालतात.

४ एप्रिल
मोठं काम उरकलं. वायरमनकडून भिंतीवरचे रेग्युलेटर आणि पंख्यांची बटणं काढून टाकली. वायरी थेट जोडल्या, भोकं बुजवली, वरून रंग. कारण पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की भिंतीवरचं बटण बंद केलं तर पंख्याचं वाय-फाय तुटतं. आणि ही तर जन्मभर खोलीतून निघताना बटण बंद करत आलेली. आता बटणच नाही, बंद काय करणार? परतीचे दोर कापले.

वायरमन म्हणाला, काका, काकूंच्या खोलीत एक तरी राहू द्या, अडीनडीला. मी म्हटलं, अडीनडीचा विचार करणारा माणूस पुढे जात नाही. तर म्हणतो, जा पुढे, तिथून मलाच फोन कराल.

माणूस कष्टाळू आहे. दृष्टी नाही.

६ एप्रिल
आमच्या खोलीतला पंखा अजून रुसलेला. पुस्तिका पुन्हा वाचली. पंखा नव्यानं जोडायचा असेल तर त्याचं भिंतीवरचं बटण पाच वेळा भराभर चालू-बंद करायचं, मग तो टुंई असा आवाज करतो.

बटण भिंतीत पुरलं गेलं आहे. हरकत नाही. घराचा मेन स्विच आहेच.

पाच वेळा मेन स्विच खालीवर केला. चारही पंखे एका सुरात टुंई म्हणाले. फार गोड वाटलं. मग कळलं, जे तीन जोडलेले होते तेही सुटले. वर फ्रिज घरघरून गप्प. ही स्वयंपाकघरातून ओरडली, घरात भूत शिरलंय की तुम्हीच आहात?

चारही परत जोडायला दिवस गेला. अनुभव मिळाला. अनुभवाला तोड नाही.

९ एप्रिल
छडा लागला! पंखे आपणहून सुटत नाहीत. वाय-फाय कोणीतरी चोरतंय. कोण ते सांगायला नको. वरचे कंपाउंडर. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी. दिवसभर घरी बसून माणूस करतो काय? (मी घरी बसतो ते वेगळं. मला पंखे आहेत.)

तडकाफडकी पासवर्ड बदलला. बदलताक्षणी चारही पंखे ऑफलाइन! म्हणजे हल्ला मी समजलो त्याहून मोठा होता.

संकल्प: यापुढे शंका आली की लगेच पासवर्ड बदलायचा. कोणालाही सांगायचा नाही. हिलासुद्धा नाही. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१० एप्रिल
कस्टमर केअरला फोन. मुलगी बोलायला गोड. म्हणाली, सर, पासवर्ड बदललात तर तो पंख्यालाही नवीन सांगावा लागतो. मी म्हटलं, अगं, मग तो गुप्त कसा राहील? तिनं माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मुद्दा वरपर्यंत पोचवणार असणार.

मग विचारलं, सर, तुमचं वाय-फाय दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवर आहे की पाचवर? मी अभिमानानं सांगितलं, पाच. कालच पासवर्ड बदलताना मुद्दाम दोन-चारवालं बंद करून पाच ठेवलंय. लहान मुलालाही कळतं, पाच मोठे. ती म्हणाली, पण सर, आपल्या पंख्याला फक्त दोन पॉइंट चार कळतं. मी म्हटलं, बाई, एवढा महागाचा पंखा आहे, हळूहळू शिकेल.

तिनं मॅनेजरला फोन देते म्हणून होल्डवर ठेवला. अर्धा तास सनई ऐकली. छान होती.

अखेर तिच्या समाधानासाठी दोन पॉइंट चार सुरू केलं. पंखे लागले! मी आज मेन स्विच जरा हळुवार दाबला होता, त्याचा हा गुण.

१३ एप्रिल
आमची खोली पुन्हा करडी. कंपाउंडर हार मानत नाहीत. मीही मानत नाही.

आज रामबाण उपाय. वाय-फायचा डबा हॉलमधून उचलून लोखंडी कपाटात ठेवला, हिच्या साड्यांच्या वरच्या खणात. वायरीपुरतं मागून भोक पाडलं. कुलूप घातलं. आता सिग्नल चोरून दाखवा म्हणावं.

ही म्हणाली, अहो, घरातच कोणाला मिळत नाहीये. मी म्हटलं, घरच्यांना मिळत नाही तिथे चोराला काय मिळणार? बंदोबस्त म्हणतात तो हाच.

साडीवर लोखंडाचा कीस सांडला तो वेगळा विषय. त्याच्यावर आज बोलणं झालं. बरंच झालं.

१५ एप्रिल
जिन्यात कंपाउंडर भेटले. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, काय हो, नेट कसं चाललंय? ते म्हणाले, कसलं नेट? आणि खिशातून साधा बटणांचा फोन काढून दाखवला, रबराची पट्टी लावलेला. वर विचारतात, वहिनींचं ऑपरेशन कधी, रात्री थांबायला माणूस लागला तर मला हाक मारा.

काय सोंग आहे! रबराच्या पट्टीपर्यंत तयारी.

पासवर्ड बदलला.

१७ एप्रिल
रंगीत तालीम. हिला पलंगावर निजवलं, मोबाईल हातात दिला, म्हटलं, बोल. म्हणाली, काय बोलू? म्हटलं, पंखा चालू कर म्हण. तिनं म्हटलं. काही नाही. जरा स्पष्ट म्हण. म्हटलं. काही नाही. मग ही संतापून म्हणाली, मेल्या, लाव की रे तो पंखा! आणि पंखा लागला.

स्वयंपाकघरातला. पूर्ण वेगात. ओट्यावर चाळून ठेवलेलं पीठ घरभर. गॅस विझला. दोघंही पांढरे झालो. मी म्हटलं, बघ, आवाज तर ओळखला!

तेव्हा ही उठून बसली आणि शांतपणे बोलली. ही ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही, शांतपणे बोलते तेव्हा मी हातातलं सगळं खाली ठेवतो. म्हणाली, नीट ऐका. मला हात लांब केला की लागेल असा पंखा हवा. ऑपरेशनच्या आधी तो झाला नाही, तर मी हॉस्पिटलमधून थेट लेकीकडे जाईन. तिच्या भिंतीला बटण आहे. दीड महिना तिथेच राहीन, आणि बरं वाटलं तर पुढेही.

पुढेही म्हणजे किती, ते विचारलं नाही. धाडस झालं नाही म्हणून नव्हे. पीठ पुसायचं होतं.

१८ एप्रिल
वायरमनला फोन करावा का? नको. तो हसेल. हसला तरी चालेल, पण मी पुढे जाऊन तिथून त्यालाच फोन केला असं होईल.

संकल्प: आमच्या खोलीचा पंखा हिच्या ऑपरेशनआधी बोटावर नाचवून दाखवीन.

२४ एप्रिल
नाचला! कपाटाचं दार सकाळपासून उघडं होतं, ही बॅगेसाठी साड्या काढत होती. मी मोबाईलला म्हटलं, तीन. तीन झाला. पाच. पाच झाला. बंद. बंद! हिला दहादा करून दाखवलं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. लेकीनं अंगठा पाठवला, जावयानं टाळ्या.

ही म्हणाली, बरं, तुमच्यावर भरवसा टाकते, घरीच येते. डोळे भरून आले. पिठाची ॲलर्जी असावी.

यश टिकवणं यश मिळवण्यापेक्षा अवघड. म्हणून कपाट लगेच बंद केलं, कुलूप घातलं आणि पासवर्ड बदलला.

२६ एप्रिल, हॉस्पिटलमध्ये
हिला आत नेलं. दार लोटताना म्हणाली, जेवून घ्या.

मी बाकावर बसून ॲप बघत होतो. चारही करडे. काळजी वाटत होती असं नाही, हातात काहीतरी हवं असतं. शेवटी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, छान झालं सगळं. मी म्हटलं, पण अजून हिरवा ठिपका नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नर्सला सांगितलं, यांना पाणी द्या.

३० एप्रिल
ही घरी आली. आदल्या दिवशी मेन स्विच, नवा पासवर्ड, सगळं करून ठेवलं होतं. पलंगावर निजवताच मी म्हटलं, चालू. लागला! सहावर. म्हटलं, दोन कर. सहा. बंद कर. सहा. भर उन्हाळ्यात हिला दोन चादरी आणि माझा स्वेटर. ही आतून म्हणाली, अहो, हॉस्पिटलमध्ये भूल तरी दिली होती.

मग मेन स्विच पाडला. पंखा थांबला. पुन्हा लावला, तर आता लागेचना. दुपार. खोलीची भट्टी. हिला कूस बदलता येत नाही, घामानं उशी ओली.

पंख्याच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं आणि बसून वारा घातला. ऊन उतरेपर्यंत. हात बदलत बदलत. हिला मध्येच डोळा लागला, मग जागी झाली आणि म्हणाली, हा पंखा बरा आहे. बडबड फार करतो, पण चालतो.

आता झाकण बाजूला ठेवून लिहितोय. मनगट दुखतंय. वाय-फायचं नाव काढलं नाही मी. एकदाच काढलं.

१ मे
लेक आली. खोलीत पाऊल टाकलं, आईच्या गळ्याला हात लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बाबा, आईला नेतेय. मी म्हटलं, उद्यापर्यंत अपडेट येणार आहे. ती म्हणाली, बाबा. एवढंच. एवढ्याशा शब्दात केवढं घालता येतं!

जिना उतरवताना एका बाजूला जावई, एका बाजूला कंपाउंडर. मी पुढे मोबाईलची बॅटरी धरून. दुपार होती, उजेड होता, पण धरली.

गाडीत बसताना ही म्हणाली, जेवून घ्या. वर आलो तेव्हा आमच्या खोलीतला पंखा सुरू. तीनवर. अगदी बेताचा.

३ मे
घरात कोणी नाही. चारही हिरवे. काय करू हिरव्यांचं?

५ मे
लेकीकडे जाऊन आलो. उन्हातून गेल्यानं घामाघूम. हिच्याशी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. तंत्रज्ञानाला वेळ द्यावा लागतो वगैरे. पलंगाशी खुर्चीवर बसलो. हिनं माझ्याकडे बघितलं, पडल्या पडल्या हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. टक. वारा आला. म्हणाली, बसा जरा, मग बोला.

ठरवलेलं सगळं बसमध्येच राहिलं. वारा फार छान होता.

निघताना विचारलं, घरी कधी? म्हणाली, तुमच्या भिंतीला विचारा.

७ मे
वायरमनला फोन केला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, येतो काका, छिन्नी-हातोडा घेऊनच येतो.

हे बटण तात्पुरतं आहे. तत्त्व म्हणून माझा स्मार्ट पंख्यांना विरोध नाही.

८ मे, सकाळी
वायरमन आलाय. पहिला घाव घातला आणि मग विचारलं, काका, बटण कुठल्या बाजूला?

मला माहीत नाही. इतकी वर्षं एका खोलीत झोपलो, ही कुठल्या कुशीवर निजते, रात्री कुठला हात उशाखाली असतो, काही आठवेना. हिरवा ठिपका कुठे असतो ते मात्र झोपेत सांगेन. वायरमन छिन्नी टेकवून उभा.

हिला मेसेज केला: डावीकडे की उजवीकडे? बटणाबद्दल विचारतोय. नीट विचार करून, पण लवकर कळव. भिंत उघडी आहे आणि वायरमन थांबलाय.