जोपांच्या लग्नात चा-चा-चा

काओलाक, एप्रिल १९७८

आदरणीय मामांस, भाचा मेदून न्जाय याचा सलाम.

घरी शांतता आहे ना? मामी शांततेत, मुलं शांततेत, बकऱ्या शांततेत? असणारच. तुम्ही जोप मंडळी भाताच्या परातीभोवती बसलात की बोलायला कुणाचं तोंड रिकामं असतं? (रागावू नका. न्जायांनी जोपांना टोचायचं, जोपांनी न्जायांना, आणि कुणी मनावर घ्यायचं नाही, ही रीत पणजोबांच्याही आधीची. त्याच रीतीने परवा मला जवळजवळ बुडवलं.)

आमचा बँडमास्तर बिराहिम याला अचानक स्वतःच्या मुळांची आठवण झाली आहे. इतकी वर्षं त्याच्याच गिटारवर मी क्यूबाची गाणी गातोय. आता म्हणतो, स्पॅनिश बंद! ढोलवाले आणलेत, यजमानांची स्तुती गा, तीही आपल्या वोलोफ भाषेत. मी सांगितलं, स्तुती हे भाटांचं पिढीजात काम. त्यांच्या पोटावर मी पाय देणार नाही, आणि आमच्या घराण्यात ते चालतही नाही. (स्पॅनिशमध्ये मी काय गातो हे वडिलांना कधी कळलं नाही, म्हणून तर मी गवई होऊ शकलो. मलाही कळत नाही, पण तो मुद्दा वेगळा.) आणि परकं कसलं? हा ठेका इथूनच बोटीत बसून समुद्रापार गेला. आपलीच लेक सासरहून माहेरी आली आणि तुम्ही तिला दारात उभी करून विचारता, तू कोणाची? मी नाही विचारणार. बिराहिमने मला हाकललं तरी नाही.

तर परवा भुईमुगाच्या व्यापाऱ्याच्या, जोपशेठच्या मुलीचं लग्न. बिराहिम कानाशी येऊन म्हणाला, "शेठची स्तुती गा, नाहीतर माइक सोड. कायमचा." समोर जुनी जोडपी दुरंगी बूट घालून क्यूबाच्या चा-चा-चा नाचाची वाट बघत ताटकळलेली. माझं डोकं फिरलं. न्जायाने जोपाची स्तुती करायची? मी ट्रंपेटवाल्याला खूण केली, चा-चा-चा धरला, आणि त्यात न्जायाने जोपाला जे म्हणायचं तेच गायलो: तुम्ही आमचे नोकर, तुमच्या आजाने टोपभर भातासाठी घोडा विकला, वगैरे. मांडव खदखदून हसला. जोपशेठ तर डोळे पुसत होते.

हसले नाहीत फक्त नवरदेवाचे वडील. ते परदेशातले, कोतोनूचे; वोलोफ येत नाही, आपली टोचायची रीतही ठाऊक नाही. शेजाऱ्याने इमानदारीने शब्दन् शब्द सांगितला (असे शेजारी शत्रूलाही मिळू नयेत), तसे ते टोपी उचलून उभे राहिले. "भर मांडवात ज्यांची अब्रू काढतात, त्या घरात मी मुलगा देणार नाही!" वधू रडू लागली. बिराहिम माझ्या माइकची वायर ओढू लागला. मीही माइक सोडेना.

तेवढ्यात वधूची आजी, यासिन आजी, करड्या नजरेने बघत वर आली आणि माइक हिसकावून ठेक्यात ओरडली, "अरे मेदून, गाढव देऊन विकत घेतलं होतं आम्ही तुझ्या आजाला! गाढव परत दे, आजा घेऊन जा!" मग खाली उतरून तिने कोतोनूच्या पाहुण्यांचा हात धरला आणि त्यांना नाचायला ओढलं. मामा, काय नाचला तो माणूस! वोलोफचा एक शब्द कळत नव्हता, पण चा-चा-चाचं प्रत्येक पाऊल पाठ. कोतोनूतही लेक माहेरी आलीच आहे की. लग्न लागलं.

बिराहिमला आता तेच गाणं दर शनिवारी हवंय. मी बजावलं, आधी माझं स्पॅनिश कडवं पूर्ण, मग टोचाटोची. तो हो म्हणाला नाही, पण आज सकाळपासून ढोलवाल्यांना चा-चा-चाचा ठेका शिकवत बसलाय.

आपला हट्टी भाचा,
मेदून

ता. क. उलट उत्तर द्यायला दुसऱ्या माइकवर एक जोप लागेल. आजी काही दर शनिवारी येणार नाही. तुम्ही तरुणपणी खुळखुळे झकास वाजवायचात. या.

ता. क. दुसरा. शनिवारचं निमित्त आहे, मामा. आई होती तेव्हा जोपांच्या वतीने रोज सकाळी वडिलांना शिव्या घालायची आणि ते चहा ओतत हसायचे. ती गेल्यापासून या घरात कुणी कुणाला शिवी दिलेली नाही. वडील दिवसदिवस बोलत नाहीत. आलात की सलाम वगैरे करत बसू नका. फाटकातूनच सुरुवात करा, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.