मालक डबलसीट

तीर्थरूप मामांना,

गुडघा सोलल्यामुळे अर्धाच वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? ठणठणीत असेल तर उत्तमच, पण तसं गावभर सांगत फिरू नका (का ते शेवटी कळेल). मामींची कंबर, तुमची दाढ काय म्हणते? गाद्यांच्या कारखान्यातली माझी नोकरी हे पत्र लिहीपर्यंत तरी शाबूत आहे.

दर फोनला तुम्ही विचारता, "शहर पाहिलंस का रे?" आता काय सांगू, इथं आल्यापासून मी पाहिली ती गाद्यांची शिवण. म्हणून मंगळवारी फोरमनकडून सुट्टी उपटली, शेजारच्या शिंप्याची सायकल मागितली आणि नदीकाठच्या नव्या सायकलवाटेला लागलो. मामा, अख्खं शहर नदीकडे पाठ करून बसलंय. पुढून काचा, मागून गळके पाईप आणि वाळत घातलेले बनियन. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या दारात डॉक्टर सिगरेटी ओढत होते. नदीला नदी म्हणायचं ते केवळ तशी पाटी लावलीय म्हणून. वाटेवर घट्ट कपड्यांतले सायकलवाले आग लागल्यासारखे सुटतात, शेवटच्या खांबापर्यंत जातात आणि तसेच परत येतात. एकाच्याही हँडलला पिशवी नाही!

आता तुमचीच शिस्त. पायी चालणारं वडीलधारं माणूस दिसलं की कॅरिअरवर घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. पुढं एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत, टोपी डोळ्यांवर ओढून, घामाघूम चालले होते. माझा जीव कळवळला. ते म्हणाले, "अरे, मी मुद्दाम चालतोय!" गरीब माणूस लाजतोच, म्हणून मी दंडाला धरून बसवलं. पुलापर्यंत त्यांना कारखान्याची सगळी माहिती दिली: गादीत वरचा थर तेवढा कापसाचा, आत कसल्या चिंध्या कोंबतो, मालक काचेमागे कशा डुलक्या काढतात. मागून आवाज आला, "आणि आज सुट्टी कशापायी घेतलीस?" आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी मान वळवली, मानेबरोबर सायकलही वळली. (जन्मभर लोकांना मऊ विकणारा माणूस आधी कॅरिअरच्या गजांवर बसला आणि मग काटेरी झुडपात.)

झुडपात बसल्या बसल्याच मी सुट्टीचं कारण सांगितलं, आणि इतक्या भरल्या गळ्यानं सांगितलं की मालकांचे डोळे पाणावले. चिंध्यांचा विषय मागे पडला, नोकरी वाचली. निदान रविवारपर्यंत.

तुमचा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. सुट्टीचं कारण तुम्ही आहात. सोमवारी तुम्ही झोपेतच गेलात. काही त्रास झाला नाही. तुमची एवढी स्तुती जिवंतपणी कुणी केली नसेल.

पुन्हा ता. क. रविवारी मालक स्वतः मामींच्या सांत्वनाला येताहेत. तेवढा वेळ माळ्यावर बसा आणि दाढ कितीही ठणकली तरी विव्हळू नका. मामींसाठी ते एक गादी आणताहेत. तिच्यावर झोपू नका, ती मीच शिवलीय.