दुसऱ्याच्या हातचं काडतूस

विलो फोर्क, माँटाना
४ मार्च १९९४

ती. सिग्वर्डदादास,
धाकट्या लेलँडचा शि. सा. नमस्कार.

खट्… कर्र… टक्. आज पहाटे बाबांच्या यंत्राचा हा आवाज पुन्हा कानात आला. आठवतं? ते तळघरात काडतुसं भरायचे आणि मी पायरीवर बसून त्या तालावर शाळेची कविता म्हणायचो. एका काडतुसाला एक कडवं. पुढे ते यंत्र वापरताना माझी ती सवय गेली नाही, हाच माझा गुन्हा.

गेल्या सप्टेंबरच्या जोडीच्या नेमबाजी स्पर्धेत माझं एक काडतूस दारूविनाच निघालं आणि गोळी नळीत अडकून बसली. मी पुढची झाडणार, तेवढ्यात तू माझा हात धरलास. नाहीतर नळी फुटून माझं थोबाड गेलं असतं. भरताना मी पाचव्या कडव्यात होतो, कबूल. पण एकतीस वर्षं शेजारी उभा राहिलेला तू ‘आता कवीबरोबर उभा राहणार नाही’ म्हणालास, ते अजून सलतं.

म्हणून पाच घरांचं नवं यंत्र घेतोय. दांडा एकदा ओढला की पाचही काडतुसं एकेक घर पुढे सरकतात आणि एक तयार होऊन खाली पडतं. दारू कमी पडली तर घंटी वाजते. निवड मात्र सोपी नाही. गावात निळ्या यंत्राचा एक पंथ आणि लाल यंत्राचा दुसरा. पाद्रीबुवा निळे, चर्चचा ऑर्गनवाला लाल. परवाच्या रविवारी दोघांनी एकच स्तोत्र दोन पट्ट्यांत संपवलं.

राग विरघळला असेल तर दोन ओळी लिही.
तुझा, लेलँड

हेवरडेल
१९ मार्च १९९४

चि. लेलँड यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पूर्वी तू मिनिटाला एक चूक करायचास, आता आठ करशील. प्रगती आहे. घंटी वाजली तरी ती ऐकायला माणूस शुद्धीवर लागतो.

बाबांचा नियम विसरलास काय? दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. पन्नास वर्षांत मी एकदाही घातलेलं नाही. आणि ज्याच्या हातच्या काडतुसाचा भरवसा नाही, त्याच्या शेजारी मी उभाही राहत नाही. जोडीदार दुसरा बघ.

इकडे बर्फ कमरेएवढं. अक्षर वर्नाचं आहे. माझा चष्मा सापडत नाही.

तब्येत सांभाळ, यंत्रापासून बोटंही सांभाळ.
सिग्वर्ड

हेवरडेल
२ एप्रिल १९९४

प्रिय लेलँडभावोजी,
स. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत. चष्मा सापडला तरी फरक पडणार नाही. यांना दोनशे यार्डांवरचा काळा ठिपका दिसतो, पण नाकासमोरचं दारूचं माप दिसत नाही. चार वर्षं झाली याला. हे जेवून डुलकी घेतात तेवढ्यात मी तळघरात जाते. यांनी भरलेली मोडते, माझी भरून यांच्या डब्यात लावते. मग हे डबा उघडून चारचौघांत सांगतात की बघा, स्वतःच्या हातची! मी शेजारी उभी राहून कौतुकाने मान हलवते.

आता माझं मनगट रडायला लागलंय. तुमचं यंत्र कुठल्या पंथाचं निघालं ते कळवा. आणि निराश होऊ नका. कालच जेवताना हे म्हणाले की लेलँड गाढव आहे, पण नेम बाबांचा आहे.

बटाट्याच्या पोळ्या, आपलं लेफ्से, पाठवते आहे. पत्र चुलीत, लेफ्से पोटात, उलट नको.
तुमची वहिनी, वर्ना

विलो फोर्क
९ ऑगस्ट १९९४

सौ. वर्नावहिनींस,
सा. न. वि. वि.

निळं घेतलं. तेव्हापासून लाल पंथाने मला कॉफीला बोलावणं सोडलंय. जोडायला तीन आठवडे लागले. एक स्प्रिंग उडाली ती अजून सापडलेली नाही, तरी यंत्र चालतं, हीच काळजी होती. वेगळी मागवून बसवली तेव्हा झोप आली. पहिल्या दिवशी घंटी तीनदा वाजली, तिन्ही वेळा कवितेत. आता कविता बंद. इतक्या घाईच्या तालावर फार तर बडबडगीत बसतं.

दोन हजार काडतुसं तयार आहेत आणि घ्यायला कोणी नाही! शेजारच्या डेल्बर्टला वाढदिवसाला शंभर दिली. डोळ्यांत पाणी आणून आभार मानले त्याने. दुसऱ्या दिवशी पाहतो तर अंगणात बसून एकेक फोडून आतली दारू फुलझाडांना घालत होता.

जोडीदाराविना स्पर्धेत नाव देता येत नाही, आणि मुदत महिनाअखेरपर्यंतच. तुम्ही हो म्हणालात तर दादाला एकच ओळ लिहितो, की तुझा नियम चार वर्षांपूर्वीच मोडलाय. मग तो माझ्या शेजारी उभा राहील. किंवा तुमच्याशीही बोलणं टाकील. ही भीती वाटते, म्हणून हात अडतो. एकतीस वर्षं हवी आहेत मला परत, पण तुमच्या जिवावर नकोत.

थांबा, दार वाजलं.

वहिनी, दादा आलाय! गुरांच्या डॉक्टरच्या गाडीतून, एकटाच. अजून उंबऱ्यात बूट झटकतोय, टोपीसुद्धा काढलेली नाही. म्हणतो, उद्या नाव देऊ, पण आधी सांग, या यंत्राचा दांडा बाईच्या दुखऱ्या मनगटाला झेपेल का? चार वर्षं तिच्याच हातची झाडतोय म्हणे. आणि त्याला ठाऊक आहे हे तुम्हाला कळलं, तर ‘तुझी खैर नाही’ म्हणतो.

तेव्हा वहिनी, हे पत्र काही तुम्हाला धाडता येत नाही.