शंखाशेजारचं कडं

देवास, मंगळवार, संध्याकाळ

गेल्या आठवड्यात घेतलेलं सॉलोमन बेटांवरचं जुनं शिंपल्याचं कडं आईने शंखाचं भावंड म्हणून देवघरात ठेवलं. मी हसलो होतो. आतली कड कुणाच्या दंडावर घासून गुळगुळीत झालेली, तीच तर मला आवडली.

आत्ता इंदूरच्या विक्रेत्याचा फोन आला. तोऱ्यात म्हणाला, "भिया, एकदम असली माल है, कब्र में मुर्दे के हाथ से निकला है."

आईला कसं सांगू? ती शंखाबरोबर त्यालाही रोज स्नान घालते, त्याच पाण्याचं तीर्थ आम्ही घेतो. ती गुळगुळीत कड... दंडाने झिजली, की हाडाने? काहीतरीच!

आतून आईची हाक आली, "जरा तेल लाव रे, कालपासून दंड भरून आलाय."

'आलो' म्हणालो. अजून उठलेलो नाही.