नऊ इंची चौकोनातलं नाव

आई,

काल पोस्टमननं पार्सल आणून दिलं. आत विणलेला एक चौकोन, नऊ इंच बाय नऊ इंच, उरलेल्या मोतिया लोकरीचा छोटा गुंडा आणि दीड पानाची चिठ्ठी. वर अठ्ठावीस रुपयांची तिकिटं, म्हणजे पाठवणारीनं रजिस्टर केलं होतं. चौकोनात तुझं नाव आहे.

हा उद्योग सूनबाईचा. ती कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसते. तिथे तिला कळलं की क्रोशाचं विणणाऱ्या बायका गावोगावहून एकमेकींना चौकोन पाठवतात. दर महिन्याला एक जोडीदारीण ठरते. ती कळवेल ते नाव आपण तिच्यासाठी विणायचं, आपण कळवू ते तिनं. असे बारा जमले की जोडून पांघरूण करायचं. "आई, तुमचं नाव घातलंय मी त्यात," म्हणाली. मी म्हटलं, "नाव विचारून घालतात." पण मनातून मला हवंच होतं. पहिल्या महिन्याची जोडीदारीण नागपूरची निघाली. मी तुझं नाव कळवलं, तिनं तिच्या आईचं. तिच्यासाठी विणलेला चौकोन मी देव्हाऱ्यात दत्तापुढे ठेवून मगच पोस्टात टाकला. आता ती लिहिते, "माझ्या आईचं माहेरचं नाव लग्नानंतर कुणी उच्चारलं नव्हतं. तुमच्यामुळे ते आज डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही दिलेलं नावही आईंचं माहेरचंच असेल ना?"

नाही. ते अण्णांनी तुमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं तुला लोक काहीतरी म्हणत होतेच की. काय म्हणत होते, ते मला माहीत नाही. साठी उलटली माझी, आणि आज पहिल्यांदा लक्षात आलं की मला माहीत नाही.

एकदा ते नाव माझ्या कानावरून गेलं होतं. शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्या. मी दहा वर्षांची आहे. तू स्टोव्हवर भात ठेवून मला नाव विणायला शिकवते आहेस. चौकटीच्या कागदावर अक्षर काढायचं, काळं घर असेल तिथे खांब, म्हणजे उभे टाके, भरायचे, पांढरं असेल तिथे दोन साखळ्या घालून पुढे जायचं. शिरोरेषा म्हणजे सगळी घरं भरलेली एक ओळ. तुझी शिस्त अशी की खांब मोठ्यानं मोजायचे, मनात मोजले की चुकतात. मी मोजते आहे, अठ्ठावीस, एकोणतीस, आणि बाहेर गॅलरीतून मामा तुला हाक मारतो. तुझ्या माहेरी ज्या नावानं हाक मारत, त्याच नावानं. तू लगबगीनं दारात जातेस आणि हळू आवाजात म्हणतेस, "इथे नको रे. सासूबाई आत आहेत." मी विचारलं, "मामा काय म्हणाला तुला?" तू म्हणालीस, "तू खांब मोज. नसत्या चौकशा नकोत." मी मोजले. माझ्याच आवाजात ते नाव बुडालं. त्या दिवशी माझा एकही खांब चुकला नाही, आणि तू सासूबाईंना मुद्दाम नेऊन दाखवलंस.

माझंही नाव लग्नात बदललं. पण दिवाळीला माहेरी आले की स्वयंपाकघरात, दुसरं कुणी नसताना, तू मला जुन्या नावानं हाक मारायचीस. दार लोटून घ्यायचीस आधी. शेवटच्या दिवाळीपर्यंत हे चाललं. माझं नाव तू सांभाळलंस. तुझं विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही. आई म्हणजे आई, तिला आणखी नाव कशाला, असंच काहीसं.

आणि दवाखान्यातले ते चार दिवस आठवतात. नर्स तुझ्या कानाशी वाकून सासरचं नाव घेऊन ओरडते आहे, आजी, डोळे उघडा. तू उघडत नाहीस. मीही "आई, आई" करते आहे. डॉक्टर म्हणाले, ओळख राहिलेली नाही. तेव्हा मी मान डोलावली. कालपासून वाटतंय, आपण चुकीच्या दारावर थापा मारत होतो की काय.

आज सकाळी मांजरी गावात राहणाऱ्या मामाच्या मुलाला फोन केला. मामा जाऊन नऊ वर्षं झाली. तो म्हणाला, "आत्या ती आत्या. आत्याला कोण नावानं हाक मारतंय? आणि आता कशाला हवंय, प्रॉपर्टीचं काही आहे का?" मी म्हटलं, "हो, नऊ इंच बाय नऊ इंच आहे." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं फोन लगेच ठेवला. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, पक्षपंधरवड्यात गुरुजींना मी आईचं जे नाव सांगतो तेच शास्त्रानं खरं. असेल. मी शास्त्राबाहेर बोलत नाही. पण सोळा वर्षांची जी मुलगी त्या ताटातल्या तांदळाखाली गेली, तिला पाण्याचा थेंब कोण देतं?

सूनबाईनं लग्नात नाव बदललं नाही. तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. काल तिनं चौकोन हातात घेतला आणि विचारलं, "आजींना आवडायचं का हे नाव?" मी म्हटलं, "आमच्यात नाव आवडतं का म्हणून विचारत नसत."

नागपूरला उत्तर टाकलं. एक सांगते. त्यात मी लिहिलं की हो, माहेरचंच नाव आहे, अगदी बरोबर विणलंत. देवाची पूजा करून उठल्या उठल्या खोटं लिहिलं. त्या बाईंपुढे कबूल करायची लाज वाटली.

आता तुझा खरा चौकोन मीच करायला घेतला आहे. आकाशी लोकर आणलीय. मी वरून खाली विणते, म्हणजे आधी शिरोरेषाच येणार, आणि ती नावाच्या लांबीएवढी धरावी लागते. अख्खं नाव सांगणं तुला जड जात असेल तर राहू दे. किती अक्षरी होतं, तेवढं उलट टपाली कळव.