मी केलेले नियम आणि सव्वासहाची बस

ती. इंद्रायणीवन्सं यांस मृदुलाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावता की बाटली नुसती खिडकीत मांडली आहे? (उत्तर मला माहीत आहे.) तुमचे बंधू ठीक आहेत. इथे चऱ्होलीत धूळ, डंपर आणि नव्या इमारती, बाकी क्षेम.

आमच्या शेजारच्या सगुणाबाईंची तेजल चाकणच्या बाजूला एका नव्या विद्यापीठात शिकते. प्रात्यक्षिकं सहाला सुटतात, त्याच वेळी कंपन्यांची शिफ्टही सुटते, आणि शेअर रिक्षात पोरींना पाय ठेवायला जागा उरत नाही. सगुणाबाईंनी सांगून टाकलं होतं, "अंधार व्हायच्या आत घरी यायचं जमत न्हाई, तर कालिज बंद." म्हणून तेजलने विद्यार्थी परिषदेत मुलींसाठी संध्याकाळच्या बसचा ठराव दिला. तो दर सभेत बारगळायचा, कारण सभा सत्काराने सुरू व्हायची. अध्यक्ष गोरक्षचा सत्कार, वाढदिवसवाल्यांचा सत्कार, शाली आणणाऱ्याचा सत्कार. मग गोरक्षचे मामा दौलतराव (परिषदेशी संबंध शून्य) माइक धरायचे तो शिपाई दिवे घालवेपर्यंत. सदस्य मान खाली घालून मोबाइल बघत बसायचे.

तेजलने मला नियम करून मागितले. मी सोसायटीची सेक्रेटरी राहिलेली बाई, एका दुपारी करून दिले. आधी काम, मग सत्कार. सदस्य नसेल त्याने बोलायचं नाही. सभेत जो गप्प बसेल, त्याची संमती धरायची. गोरक्ष म्हणाला, "काकू, सत्काराशिवाय सभा म्हणजे मयतीला आल्यासारखं वाटतं ओ." पण पोरगा मनाने सरळ. नियम मंजूर केले.

पुढच्या सभेला मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले. दौलतराव उठताच मीच त्यांना खाली बसवलं. (त्यांना कुणी खाली बसवण्याची सवय नसावी, बराच वेळ ते अर्धे उभेच होते.) बसचा ठराव आला. विद्यापीठाची अट एकच, बसमध्ये रोज एक जबाबदार, पोक्त बाई हवी. गोरक्षने वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शोधायचं कशाला? काकू आहेत की. मामांना बसवलं त्यांनी, बस काय चीज आहे." मी ताडकन उठले. तेवढ्यात तेजल, जिला लहानपणी मी पाढे शिकवले ती तेजल, शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही सदस्य नाही. बोलता येणार नाही."

बसले खाली. गप्प बसले म्हणून संमती धरली. ठराव एकमताने मंजूर, आणि काम संपल्यामुळे नियमाप्रमाणे सत्कार. माझाच.

आता रोज दुपारी उलटी चाकणला जाते आणि सव्वासहाच्या बसने आळंदी, चऱ्होली करत पोरींना भोसरीपर्यंत पोचवते. सगुणाबाईंनी कॉलेज बंद करण्याची भाषा सोडली आहे, माझ्याकडे मात्र रोज डबा देतात, बसमधल्या सगळ्यांना पुरेल एवढा.

तुमची,
मृदुला

ता. क. – पत्राचं खरं कारण हे की महिनाभर इकडे राहायला या. संध्याकाळी तुमच्या बंधूंना चहा करून द्यायला घरात कुणी नसतं, आणि त्यांना साखरेचा डबा अजून सापडलेला नाही.

आणखी एक – तेजलला आता वाईट वाटतं आहे. पुढच्या सभेत नियम बदलून मला मोकळं करू म्हणते. मी कालच एक दुरुस्ती लिहून पाठवली: बसमधली बाई बदलायची तर त्या बाईची लेखी संमती लागेल. ती मी देणार नाही. हे बंधूंना सांगू नका.